कात्री थांबली की

गल्लीच्या टोकाला असलेल्या त्या केस कापण्याच्या दुकानात आरसे जरा जास्तच होते. समोरच्या भिंतीवर होते, ते कुठल्या सलूनमध्ये नसतात? पण इथे बाजूच्या भिंतीवर होते, दारावर होते, मागच्या राहत्या खोलीत शेगडीच्या वरसुद्धा होते. गिऱ्हाइकांना वाटे, मालकीणबाईंना नटायची भारी हौस दिसते. मालकीणबाई म्हणजे कुरळीची आई, आणि तिला नटायची हौस किती होती ते तिच्या झिजलेल्या चपला बघून कुणालाही कळलं असतं. आरसे होते ते कुणाचा जीव जाऊ नये म्हणून.

गोष्ट फार जुनी आहे आणि बऱ्याच जणांना अर्धीच ठाऊक आहे. ग्रीक लोकांच्या पुराणात मेदूसा नावाची एक बाई होती. तिच्या डोक्यावर केसांच्या जागी साप वळवळत आणि तिच्या डोळ्याला डोळा भिडला की माणसाचा दगड होई. एका वीराने चकचकीत ढालीत तिचं प्रतिबिंब बघत, तिच्याकडे पाठ करून, तिचं मुंडकं उडवलं आणि तेव्हापासून लोक त्याचे गोडवे गात आले. मेदूसा त्या वेळी झोपलेली होती, हे सांगायला मात्र लोक विसरतात. तिला बहिणी होत्या, हे तर कुणाच्या गावीही नसतं. त्या बहिणींच्या वंशातल्या बायका देशोधडीला लागल्या, जमेल तिथे राहिल्या, आणि त्यांतल्या एकीला एक नामी युक्ती सुचली. जगात असा एक धंदा आहे, जिथे दोन माणसं तासभर गप्पा मारतात आणि कुणीच कुणाकडे थेट बघत नाही. दोघंही आरशात बघतात. आणि आरशातून नजर भिडली तर काही होत नाही.

कुरळीने आईचा चेहरा आजवर आरशातच पाहिला होता. ती तान्ही असताना आई डोळ्यांवर फडकं बांधून तिला पाजायची. मायलेकींची भांडणंही आरशाकडे तोंड करूनच व्हायची आणि रुसायचं झालं तर आरशाकडे पाठ करून बसायचं. गल्लीतून जाताना आई मान खाली घालून चालायची, त्यामुळे फार शालीन बाई म्हणून तिचं नाव होतं. या घरातल्या मुलींचे डोळे वयात येईपर्यंत चारचौघींसारखे असतात, म्हणून गेल्या महिन्यापर्यंत जपायचं होतं ते फक्त आईने; तरी सवय लागावी म्हणून कुरळीही लहानपणापासून माणसांकडे आरशातूनच बघत आली होती. मग एका सकाळी कुरळीने खिडकीतल्या पालीकडे बघितलं आणि पाल खडा पडावा तशी टणकन खाली पडली.

आईने ती दगडी पाल उचलून खिशात टाकली. मग तिने आरशात लेकीच्या डोळ्यांत बघितलं.

"आपल्या घरात माणसावर कुणी डोळा उचललेला नाही," ती म्हणाली. "माझ्या आईने नाही, तिच्या आईने नाही. तूही उचलायचा नाहीस. काय वाटेल ते होवो."

कुरळीने वचन दिलं. देताना त्यात अवघड असं काही वाटलं नव्हतं.

तो आला त्या दुपारी बाहेर कडाक्याची थंडी होती. दार घट्ट लावलेलं होतं, खुर्चीलगतच्या कोपऱ्यातल्या स्टोव्हवर टॉवेल वाफवायचं मोठं पातेलं झाकण ठेवून खदखदत होतं, आणि आई पडद्यामागे वस्तऱ्यांना धार लावत बसली होती. आलेला मुलगा विशीच्या अलीकडचा असेल. केस खांद्यावर रुळणारे, दाढी अजून धड फुटलेली नाही. त्याच्याजवळ एक लांबोडकी चामड्याची पिशवी होती, बासरीवाल्याकडे असते तशी, पण वाकडी. ती खुंटीला अडकवा म्हटलं तर तो नको म्हणाला. मांडीवरच घेऊन बसला आणि कुरळीने मानेभोवती कापड बांधून अंगावर पसरलं, तेव्हा पिशवीही कापडाखाली गेली. असतात काही माणसं, सामानावर जीव असलेली. कुरळीने त्यात फार डोकं घातलं नाही.

त्याने सांगितलं की घाई नाही, नीट काप. आणि शेवटी तुझी आई स्वतः हात फिरवून बघते म्हणे, त्याशिवाय मी उठायचा नाही.

तो म्हणत होता ते खरंच होतं. ती दुकानाची रीत होती. केस कुरळीने कापले तरी ते पास व्हायचे आईच्या बोटांनी. कात्रीची कचकच थांबली की आई हात पुसून पडद्यातून बाहेर यायची, गिऱ्हाइकाच्या मागे उभी राहून डोळे मिटायची आणि मानेवरून बोटं फिरवायची. जिथे एखादा केस टोचेल तिथे थांबून म्हणायची, "इथे." त्या बोटांसाठी माणसं लांबून यायची. आईला हाक मारावी लागत नसे. कात्री थांबणं हीच हाक.

कुरळीने केस ओले केले, विंचरले आणि कापायला सुरुवात केली. थोड्याच वेळात तिला काहीतरी खटकलं. खुर्चीत बसलेला माणूस, मग तो कितीही साधा असो, स्वतःच्या थोबाडाकडे बघतो. गाल आत ओढतो, नाक तपासतो, टक्कल पडतंय का ते चोरून पाहतो. हा मुलगा आरशात सगळीकडे बघत होता, फक्त स्वतःकडे बघत नव्हता. दार, बाजूची भिंत, आणि पुन्हापुन्हा मागचा पडदा.

तिच्या डोक्याला बांधलेल्या रुमालाखाली तिचे केस हलले. या घरातल्या बायकांच्या डोक्यावर आता साप नसतात, पण धोक्याचा वास केसांना येतो तो त्यांना स्वतःला येण्याआधी. कुरळीने कपाळाशी रुमाल खाली ओढला आणि मनातल्या मनात केसांना गप्प बसायला सांगितलं. केस कधी ऐकतात का?

तेवढ्यात तिच्या हातून कंगवा सुटला. त्याच्या उजव्या खांद्यामागून तो खाली चालला होता. मुलाचा हात कापडाखालून निघाला, मागे गेला आणि त्याने कंगवा हवेतल्या हवेत पकडला. मान वळवली नाही. नजर आरशावरून हलली नाही. त्याने कंगवा परत दिला, जणू काहीच झालं नाही.

कुरळीने त्याचे आभार मानले आणि कात्री चालूच ठेवली. आरशात बघून पाठीमागची वस्तू अशी पकडायला लहानपणापासूनची सवय लागते. तिला ती होती, आईला होती. तिसऱ्या कुणाला असेल तर तो एकाच घराण्यातला असणार. त्या वीराच्या. त्या घराण्यातल्या मुलग्यांना एक मुंडकं आणल्याशिवाय घरात मोठं झाल्याचा मान मिळत नाही, असं आजी सांगायची, आणि कुरळीला ती भुतांच्या गोष्टींसारखी गंमत वाटायची. कंगवा देताना कापड बाजूला सरकलं होतं. आत पिशवीचं तोंड उघडं होतं आणि वाकड्या पात्याची मूठ त्याच्या उजव्या हाताशी होती. डाव्या मनगटावर गोल, घासून लख्ख केलेली पोलादी चकती होती. आरसा नसेल तिथे वापरायचा आरसा.

आता सगळं उघड होतं. कात्री थांबेल. आई येईल. त्याच्या मागे उभी राहून डोळे मिटेल, मान पुढे करील, आणि हा आरशात बघत पातं मागे फिरवील. कंगवा पकडला तितक्याच सहज.

म्हणून कुरळी कापत राहिली.

दुसरं काय करणार? ओरडली असती तर आई धावतच बाहेर आली असती. आज येऊ नकोस म्हटलं असतं तर का येऊ नको, हे विचारायला आली असती. आयांचं असंच असतं. वस्तरे सगळे आईकडे होते आणि कुरळीच्या हातात होती बोटभर पात्याची कात्री. तिने खांद्यावरचे केस मानेपर्यंत आणले. मग कानापर्यंत. मग कंगव्यावर थोडे थोडे घेऊन, एरवी एका दमात कापली असती ती बट चार दमांत कापली. नुसत्या हवेतही तिने कात्री चालवून पाहिली, पण रिकाम्या कात्रीचा आवाज कोरडा येतो आणि पडद्यामागचे कान तो ओळखतात. मागे धार लावण्याचा आवाज क्षणभर थांबला, तशी तिने घाईने खरे केस धरले.

एक दुसराही उपाय होता आणि तो तिच्या मनातून जात नव्हता. त्याच्या समोर जाऊन उभं राहायचं आणि मान वर करायची, बस. तिचे डोळे वयात आलेत हे त्याला ठाऊक नव्हतं, नाहीतर तो तिच्या हाताखाली असा निवांत बसला नसता. त्याच्या हिशेबी ती अजून लहान होती. पण ती पाल कशी पडली होती ते तिला आठवत होतं, आणि वचनही आठवत होतं. तिला कुणाला मारायचं नव्हतं. तिला आई हवी होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागणं म्हणजे काही फार मोठी मागणी नव्हे, पण त्या खुर्चीमागे उभं राहून ती तशी वाटत होती.

तिने कल्ले कापले. ते कापून झाल्यावर पुन्हा कापले.

"फारच बारीक करतेयस," मुलगा म्हणाला.

ती म्हणाली की एका बाजूला जरा खालीवर झालंय, सारखं करते. तो हसला, पण हसू ओठांतच राहिलं. त्याच्या मानेवर, आता उघड्या पडलेल्या पांढुरक्या कातडीवर, घामाचे थेंब होते. तिने डोकं डावीकडे कलवायला हनुवटीला बोट लावलं, ते डावीकडे कललं. खाली दाबलं, खाली झालं. एव्हाना ते डोकं तिच्या बोटांना इतकं सरावलं होतं की सांगायचीही गरज उरली नव्हती.

आणि केस संपत आले. कात्रीच्या पात्याला डोक्याचं कातडं लागायला लागलं. आता फार तर चार-दोन वेळा कात्री चालवण्यापुरते केस उरले असतील.

कुरळीची नजर पातेल्यावर गेली. नेहमीच्या आवाजात ती म्हणाली की मानेला गरम टॉवेल लावते, बरं वाटेल. उजव्या हाताने कात्री चालू ठेवून तिने डाव्या हाताने पातेल्याचं झाकण काढलं आणि पातेलंच कलतं केलं. उकळतं पाणी स्टोव्हच्या तापलेल्या जाळीवर सांडलं. चर्र झालं आणि वाफेचा लोट उठला. बाहेरच्या थंडीने गारठलेल्या त्या काचा वाटच बघत असल्यासारख्या झाकोळल्या. समोरचा आरसा गेला, बाजूचे गेले, दारावरचा गेला. मुलाने झटकन डावा हात बाहेर काढून मनगटावरच्या चकतीत बघितलं. तीही पांढरी पडली होती.

त्याला वाफेत काही दिसत नाही तोवर पातं काढून घ्यायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. ती वळसा घालून त्याच्या समोर आली, नजर त्याच्या मांडीवर ठेवली आणि मूठ होती त्या बाजूला, उजवीकडे, दोन्ही हातांनी झेप घेतली.

तिच्या हाती मनगटावरची चकती आली.

अशी चूक जगात दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. आरशात दुसऱ्याचा उजवा हात आपल्या उजव्या बाजूलाच दिसतो. समोर उभ्या असलेल्या जित्याजागत्या माणसाचा उजवा हात मात्र आपल्या डावीकडे असतो, आणि हे ज्याला त्याला रांगायच्या वयापासून माहीत असतं. कुरळी आयुष्यात कधी कुणाच्या समोर उभी राहिलीच नव्हती.

मुलगा उठला. कापडाखालून पातं बाहेर आलं, विळ्यासारखं, कोपरापासून बोटांपर्यंत लांब. दुसऱ्या हाताने त्याने तिचा खांदा धरला.

"तुला कळलं होतं तर," तो म्हणाला. "केव्हापासून?"

ती खाली फरशीकडे बघत राहिली. कात्री थांबली होती. हे तिच्या उशिरा लक्षात आलं, आणि मग तिला दुसरं काही ऐकूच येईना. पडद्यामागे स्टूल सरकलं.

"माझ्याकडे बघून बोल," मुलगा म्हणाला. "तुझ्याशी माझं काही वाकडं नाही. वर बघ."

तिने डोळे घट्ट मिटून घेतले आणि मान जोरजोरात हलवली. त्याला वाटलं ती भ्यालीय. ती भ्यालीच होती, पण स्वतःसाठी नव्हे. "जा," ती म्हणाली. "जा ना. दाराला कडी नाही. कुणाला काही सांगणार नाही आम्ही. तू फक्त जा."

"रिकाम्या हाताने घरी गेलो तर मला कुणी घरात घेणार नाही," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला.

पडदा सरकला. कुरळी ओरडली की आई, येऊ नकोस. आई आली. तिने टॉवेल घट्ट आवळून डोळ्यांवर बांधला होता आणि भिंत चाचपत ती पुढे येत होती. खोलीत वाफ शिरलेली तिने पाहिली होती आणि तिच्या मनात आलं होतं ते एवढंच, की आता बाहेर आरसे नाहीत आणि माझी पोर तिथे आहे.

"कुरळे, मी डोळे बांधलेत," ती म्हणाली. "तू पण मिटून घे. कुठे भाजलं का तुला?"

मुलगा तिच्याकडे वळला. पट्टी बांधलेल्या बाईकडे बघायला आरसा लागत नाही, चकती लागत नाही, पाठ फिरवावी लागत नाही. इतकी वर्षं केलेला सराव वाया गेला होता आणि काम लहान मुलाला जमेल इतकं सोपं झालं होतं. पावलांच्या आवाजावरून तो वळल्याचा अंदाज आला, तशी कुरळीने डोळे उघडले; तेव्हा तो तिच्या बाजूला तिरपा उभा होता, गळ्यात अजून ते कापड, त्यावर कापलेले केस, आणि पातं डोक्याच्या वर गेलेलं. आई हात पुढे करून त्याच्याच दिशेने येत होती.

कुरळीने त्याच्या हनुवटीला दोन बोटं लावली आणि डोकं स्वतःकडे वळवलं. जोर लावावाच लागला नाही.

तिने डोळे उचलले.

आवाज झाला नाही. पालीसारखं काही पडलं नाही, कारण तो पाय रोवून उभा होता. बोटांखालची हनुवटी गार पडली, मग खरखरीत झाली. कापडावरचे केस तेवढे घरंगळून खाली आले. कुरळीने बोटं काढून घेतली आणि भिंतीला टेकून खाली बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण नुसतीच थंडी वाजत होती.

आईने दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही, तेव्हा ती चाचपत आणखी पुढे आली आणि तिचा हात त्याच्या खांद्याला लागला. खांद्यावरून दंडाला, दंडावरून मुठीला, मुठीतल्या पात्याला. ते वर कशासाठी गेलं होतं आणि कुणासाठी, ते तिला कळलं. मग ती तिथेच फरशीवर लेकीशेजारी बसली आणि तिने तिला कुशीत ओढलं. पातेल्यातलं उरलंसुरलं पाणी उकळत होतं.

"ऐक," आई शेवटी म्हणाली. तिचा आवाज हिशेबी होता, दुकानात वापरायचा. "माझी पट्टी घसरली होती. त्याने माझ्याकडे बघितलं. झालं ते माझ्यामुळे झालं. कळलं का? तुझे डोळे मिटलेलेच होते. तुझं वचन मोडलेलं नाही."

कुरळीने मान वर करून आईच्या तोंडाकडे बघितलं. टॉवेलाची गाठ दुहेरी होती आणि इतकी करकचून मारलेली की कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. हे खोटं घ्यावं असं तिला फार वाटलं. घेतलं असतं तर आई जन्मभर ते खरं असल्यासारखी वागली असती, आणि हळूहळू दोघींनाही ते खरं वाटलं असतं.

"नाही आई," ती म्हणाली. "मी बघितलं. मी ठरवून बघितलं."

आईचा हात तिच्या पाठीवर थांबला.

"आरशात त्याचे डोळे काळे वाटत होते," कुरळी म्हणाली. "तपकिरी होते. आणि तो शेवटपर्यंत मला भ्यालाच नाही, आई. मी हनुवटीला हात लावला आणि त्याने मुकाट्याने डोकं वळवलं. त्याला वाटलं, मी त्याची मान सरळ करतेय."